नूतनीकरणाचा महिना

माझा बी.कॉम.चा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा मला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालायला घेऊन गेला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला आणि तेव्हापासून नोकरीची वाट बघत असलेला. तो रिकामा बसून नव्हता. सरस्वतीपुरमच्या दोन घरांत मुलांना गणित शिकवायचा, कॉलेजांच्या प्रवेशाच्या दिवसांत लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. पण आमच्या घरी त्याला काम म्हणत नसत. काम म्हणजे सरकारी. बाकीचं सगळं 'सुम्ने', म्हणजे उगीच, वेळ जायला.

कचेरीच्या आवारात आम्ही नऊला पोहोचलो तर रांग फाटकापर्यंत आलेली. अण्णाला सगळं ठाऊक होतं. त्याच्या पिशवीत डिंकाची बाटली होती, टाचण्या होत्या, प्रत्येक दाखल्याच्या तीन-तीन साक्षांकित नकला होत्या. रांगेत पुढे-मागे उभे असलेले दोघेतिघे त्याला ओळखत होते. कोणत्या खिडकीवर कोण बसतं, कुठला कारकून जेवायला लवकर उठतो, हे त्याला विचारत होते. मला ते बघून आधी अभिमान वाटला. मग वाटलं, एखाद्या दवाखान्यात आपल्या माणसाला सगळे ओळखतात म्हणून अभिमान वाटावा, तसं आहे हे.

खिडकीतल्या माणसानं माझं शिक्षण विचारलं, टायपिंग विचारलं. मी सांगितलं, इंग्रजी ज्युनियर, कन्नड ज्युनियर, दोन्ही परीक्षा पास. एका पिवळट कार्डावर नंबर घालून त्यानं ते माझ्याकडे सरकवलं. अण्णानं शाई वाळेपर्यंत ते हातात धरून ठेवलं आणि मला बजावलं, "दुमडू नको. आणि नूतनीकरणाचा महिना विसरू नको. बाकी काही विसरलीस तरी चालेल."

आम्ही म्हैसूरला, अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीत राहायचो. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते म्हणतात. फौज गेली, आम्ही राहिलो. घरात मराठी बोलायचो, पण ती अशी की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना अर्धी कळायची नाही. अप्पा शाळेत ड्रिल मास्तर होते, निवृत्त झालेले. आयुष्यभर मुलांना रांगेत उभं केलेला माणूस. रांग सरळ असली की प्रत्येकाची पाळी येते, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. माझं कार्ड त्यांनी देवापुढे ठेवून त्याला कुंकू लावलं. मग अण्णाकडे वळून नेहमीचा प्रश्न विचारला, "तुझा नंबर कुठवर आला?"

"जवळ आलाय, अप्पा."

हे संभाषण महिन्यातून एकदा तरी व्हायचं. अण्णा त्यात एक शब्द बदलायचा नाही.

आई हे सगळं कॉटवरून बघायची. तीन वर्षांपूर्वी, गौरीच्या आदल्या दिवशी, ती चुलीपाशी पडली होती. डावी बाजू गेली आणि बोलणंही अडखळायला लागलं. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. दवाखान्यात अण्णाच राहिला, दीड-दोन महिने. घरी आणल्यावरही तिला उठवणं, न्हाऊ घालणं, कपडे बदलणं यात त्याचा हात जास्त. मी मुलगी असून माझ्याकडे अभ्यास आला आणि तो मुलगा असून त्याच्याकडे आईचं अंथरूण आलं.

नाव घातल्यानंतरची दोन वर्षं कशी गेली हे नीट सांगता येत नाही, कारण त्यांत काही घडलं नाही. सकाळी टायपिंग इन्स्टिट्यूट, दुपारी पोस्टमन. कधी एखादं बोलावणं यायचं. जाऊन बघावं तर एका जागेसाठी वीसजण बाकावर बसलेले, आणि आत ज्याला घ्यायचं तो आधीच घेतलेला. घरी आल्यावर अप्पा विचारायचे, पाणी तरी दिलं का? हळूहळू मी बोलावणं आलेलं सांगेनाशी झाले. इतकी वर्षं हेच करून अण्णा चिडका कसा झाला नाही, याचं मला नवल वाटे. तो फक्त हळू झाला होता. चालणं हळू, जेवण हळू, हाक मारल्यावर 'ओ' देणं हळू.

मग सरकारनं एक योजना काढली. आपल्या देशात बेकाराला घरी बसून मदत मिळायची पद्धत नव्हती. सरकार द्यायचं ते रांगेतली एक जागा, एवढंच. पण आता पदवीधरांना महिन्याला थोडा भत्ता मिळणार आणि त्याबदल्यात त्यांनी एखाद्या सरकारी कचेरीत काम करायचं, असं ठरलं. पगार म्हणायचं नाही, नोकरी म्हणायचं नाही. लोक अशांना 'स्टायपेंडरी' म्हणू लागले. टायपिंग येणारी मुलं हवी होती. माझं नाव निघालं. अण्णाला टायपिंग येत नव्हतं. माझी नेमणूक झाली ती त्याच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये.

अप्पांनी गल्लीत सांगितलं, मुलीला सरकारी काम लागलं. मी दुरुस्त करायला गेले तर अण्णा म्हणाला, "इरली, राहू दे. त्यांना बरं वाटतंय."

खिडकीच्या त्या बाजूला बसल्यावर पहिले काही दिवस मला बाहेरच्या चेहऱ्यांकडे बघवेना. मी त्यांच्यातलीच होते, फक्त बसलेली. आमचे हेड क्लार्क निवृत्तीला आलेले कन्नड गृहस्थ होते, मला 'अम्मा' म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत डब्यातलं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, देता देता त्यांनी मला या खात्याचा इतिहास सांगितला. महायुद्ध संपल्यावर घरी परतलेल्या सैनिकांना काम मिळावं म्हणून ही केंद्रं निघाली. मग फाळणीत उखडलेल्या लोकांसाठी चालली. मग सगळ्यांसाठी. "प्रत्येक वेळी वाटलं, एवढा लोंढा ओसरला की काम संपलं," ते म्हणाले. "माझी सगळी नोकरी लोंढा ओसरायची वाट बघण्यात गेली, अम्मा."

मला नूतनीकरणाचं टेबल मिळालं. आलेल्या माणसाचं कार्ड खणातून काढायचं, मागच्या चौकोनात जांभळा शिक्का मारायचा, परत लावायचं. ठरलेल्या महिन्यात आला नाही तर थोडी सवलतीची मुदत होती. तीही उलटली की नाव रद्द. पुन्हा नोंद करता येई, पण नव्या तारखेनं, नव्या नंबरानं. आधीची वर्षं गेली ती गेली. असे लोक खिडकीशी येऊन कारणं सांगत. कुणी परगावी होतं, कुणाच्या घरी मयत झालेली. मी मान हलवायची आणि नवा फॉर्म पुढे करायची.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला विज्ञान पदवीधरांचा खण दिला. रसायनशास्त्राची कार्डं लावताना अण्णाचं कार्ड हाताला येणार हे मला माहीत होतं. मी मुद्दाम जुन्या नंबरांकडून सुरुवात केली, म्हणजे लवकर सापडेल. सापडलं नाही. पुढे गेले, तरी नाही. वाटलं, कुणीतरी चुकीच्या खणात ठेवलं असेल. शेवटी कितीतरी पुढे, माझ्या नोंदणीच्या जेमतेम दोन-तीन वर्षं आधीच्या कार्डांत ते होतं. अण्णाचं नाव, अप्पांचं नाव, अग्रहारातला पत्ता. वर लिहिलं होतं, पूर्वीची नोंद मुदत संपल्याने रद्द, नव्याने दाखल.

तारीख पाहिली आणि मला बोटांवर मोजायची गरज पडली नाही. त्याचा नूतनीकरणाचा महिना गौरीच्या सणाचा होता. तो दवाखान्यात आईच्या उशाशी बसला होता. सवलतीची मुदतही तिथंच गेली.

म्हणजे मला घेऊन तो रांगेत उभा होता, लोक त्याला मान देत होते, अप्पांना तो नंबर जवळ आल्याचं सांगत होता, तेव्हा त्याला माहीत होतं की आपली पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली आहे. आणि त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी कार्ड परत लावलं. दुपारी काम करताना दोनदा चुकीचा शिक्का मारला. संध्याकाळी हेड क्लार्कांना, कुणा दुसऱ्याचं आहे असं दाखवून, विचारलं. दवाखान्याचा दाखला घेऊन मुदतीत आला असता तर काही करता आलं असतं, ते म्हणाले, आता इतक्या वर्षांनी नाही. मग माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाले की खणाची किल्ली तुमच्याकडे असते, शिक्का तुमच्याकडे असतो, तेव्हा तुम्ही फार विचार करत बसू नका, लवकर घरी जा. त्यांना कळलं होतं.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलंच. तारखेचा शिक्का फिरवायला किती वेळ लागतो? एक जुनं कोरं कार्ड, जुना नंबर, जांभळी शाई. चार-पाच दिवस मी तो शिक्का हातात घेऊन बसत होते आणि बाहेरच्या माणसांना वाटत होतं की मी मुद्दाम वेळ काढते आहे.

रविवारी सकाळी अण्णा परसात दगडावर आईच्या चादरी धूत होता. मी बादली भरून दिली आणि उभी राहिले. तुझं कार्ड पाहिलं, म्हटलं. त्यानं चादर पिळायचं थांबवलं नाही.

"आज ना उद्या बघणारच होतीस."

मी म्हणाले, तू अप्पांना का नाही सांगितलंस, मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, सांगितलं असतं तर आईच्या कानावर गेलं असतं. तिला नीट बोलता येत नाही, पण ऐकायला सगळं येतं. आपल्या दुखण्यापायी पोराची वर्षं गेली हे तिनं पडल्या पडल्या रोज मोजलं असतं. मग मी जे बोलायला आले होते ते बोलले. तारीख बदलता येईल. कुणाला कळणार नाही.

त्यानं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी ती पिळून तारेवर टाकली. मग तो म्हणाला, "मला पुढे घालशील, ते कुणाच्या पुढे?"

त्यानं हे रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारत होता. आणि मला उत्तर ठाऊक होतं, कारण खणातली ती कार्डं मी इतक्यांदा चाळली होती. तो ज्यांच्या पुढे गेला असता त्यांत एक बाई होती, रसायनशास्त्रातलीच, कडेवर मूल घेऊन नूतनीकरणाला यायची. शिक्का बसेपर्यंत खिडकीची कड घट्ट धरून उभी राहायची. मी अण्णाला हे काही सांगितलं नाही. मी म्हटलं, बरं. तो आत गेला, आईला कॉफी पाजायला.

त्या दिवसानंतर मी खूप दिवस त्याच्यावर रागावले होते. इतका चांगुलपणा बघून माणसाला दमायला होतं. आपण त्याच्याइतके चांगले नाही हे रोज जेवताना समोर बसून बघावं लागतं.

पुढच्या वर्षी अण्णाची सरकारी नोकरीची वयोमर्यादा संपत आली. अप्पांचा प्रश्न तेवढा चालू होता, आणि 'जवळ आलाय' हे उत्तरही. मग एका बुधवारी मी मान वर केली तर कचेरीच्या दारात अप्पा. शाळेच्या गॅदरिंगला घालायचे तो काळा कोट, इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. चौकशीच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले, पाय जुळवून, ताठ. तासभर तरी उभे असतील. मी उठून त्यांना आत आणायला हवं होतं. पण ते ज्या तऱ्हेनं उभे होते, ते बघून मला उठवेना.

पाळी आल्यावर त्यांनी हेड क्लार्कांना कन्नडात, शाळेत मुलांना हुकूम द्यायचे तशा स्वच्छ आवाजात विचारलं की माझ्या मुलाचा नंबर साधारण कधी लागेल, त्याचं वय निघून चाललं आहे. हेड क्लार्कांनी त्यांना खुर्ची दिली. मला खूण करून कार्ड मागितलं. मी ते नेऊन दिलं. अप्पांच्या शेजारी उभी राहून दिलं, तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हेड क्लार्क हळू आवाजात बोलत होते. मला शब्द ऐकू आले नाहीत, फक्त त्यांचं बोट कार्डावरच्या एका ओळीशी थांबलेलं दिसलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला, ती ओळ वाचली. गौरीचा महिना त्यांनाही मोजावा लागला नसणार.

ते उठले. "आयतु," म्हणाले. झालं. आभार मानले आणि गेले.

संध्याकाळी मी घाबरतच घरी आले. अप्पा आईच्या कॉटशी बसून तिच्या डाव्या हाताला तेल चोळत होते. ते काम अण्णाचं होतं. अण्णा दारात उभा होता, काय करावं ते न कळून. अप्पांनी त्याला सांगितलं की तू जा, फिरून ये, हे मी करतो. एवढंच. त्यानंतर अप्पांनी नंबराबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. आईला काय कळलं, काय नाही, ते आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही.

मर्यादा उलटली त्या दिवशी काही झालं नाही. कार्ड खणातच राहिलं. अशी कितीतरी कार्डं असतात, ज्यांना आता बोलावणं जाऊ शकत नाही पण काढायला कुणी सांगत नाही.

अण्णानं मग स्वतःच पायपीट सुरू केली. मेटगळ्ळीत एका छोट्या कारखान्यात लोखंडी सुट्या भागांवर निकेलचा मुलामा देत. तिथं हौदातलं द्रावण तपासायला कुणी शिकलेला माणूस हवा होता. त्याला घेतलं. शेड पत्र्याची, वास असा की पहिले काही महिने त्याला जेवण जात नसे. पण तो एकदा मला म्हणाला की इतक्या वर्षांनी बाटल्यांवरची नावं वाचली तर सगळी ओळखीची वाटली, अजून आठवतंय मला. हे सांगताना तो जरा भरभर बोलत होता.

कामावर पक्कं केल्यावर तो एका सकाळी आमच्या कचेरीत आला. अर्ध्या दिवसाची रजा काढून. मी हात केला, इकडे ये म्हणून. तो रांगेतच थांबला. खिडकीशी आल्यावर त्यानं आपलं ओळखकार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. नोकरी लागल्यावर कळवायचं असा नियम होता. पाळणारे फार थोडे.

"नाव काढायचंय."

मी त्याचं कार्ड खणातून आणलं. कारण लिहायची जागा असते, तिथं काय लिहायचं ते मला रोजचं पाठ होतं. पण खाजगी नोकरी, स्वप्रयत्नाने, हे शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. मागची माणसं चुळबुळायला लागली. अण्णा म्हणाला की सावकाश लिही, अक्षर बिघडेल. मग सही करून तो गेला. बारा वाजेपर्यंत त्याला मेटगळ्ळीला पोहोचायचं होतं.

आम्हा स्टायपेंडऱ्यांना कायम करायला सरकारनं पुष्कळ वर्षं घेतली. तोवर आम्ही बेकारांच्या यादीतही होतो आणि बेकारांची यादीही सांभाळत होतो. कारखाने बंद पडले तेव्हा पन्नाशीची माणसं खिडकीशी आली. वीस-पंचवीस वर्षं एकाच मशीनवर काढलेली. 'अनुभव' या रकान्यात काय भरायचं हे त्यांना समजत नसे. मी भरून द्यायची. त्यांना बोलावणं जाणार नाही हे मला ठाऊक असे, बहुधा त्यांनाही. पुढे कॉम्प्युटर आले, रांग आखूड झाली, मग रांगच राहिली नाही. मी निवृत्त झाले तेव्हा त्या हॉलमध्ये दुपारी पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

अण्णाचं लग्न उशिरा झालं. मुलगी आता पदवीधर आहे. हल्ली सरकार शिकलेल्या बेकार मुलांना थोडे दिवस भत्ता देतं, थेट बँकेत. तिलाही मिळतो. दर महिन्याला फोनवर कळवावं लागतं की मला अजून काम नाही. परवा ती माझ्याशेजारी बसून ते करत होती. मध्येच थांबून म्हणाली, "अत्ते, या महिन्यात मी चार दिवस एका दुकानात बसले होते. ते सांगायचं का?"

मला नियम सांगता आला असता. इतकी वर्षं तेच केलं. मी म्हटलं, बाबांना विचार. आतल्या खोलीत अण्णा झोपला होता. आता तो दुपारचा बराच वेळ झोपतो, आम्लानं सोललेले हात पांघरुणाबाहेर ठेवून. तिनं दारातून डोकावून पाहिलं. त्याला उठवलं नाही. फोन पालथा ठेवला, आणि पाच वाजेपर्यंत, तो उठायची वाट बघत, आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.